गड गैरहजर

मामा, कावळा लगेच शिवला.

पिंड ठेवून लोक चार पावलं मागे सरतात न सरतात तोच बांधावरून एक आला आणि सरळ चोच घालून गेला. तुमच्या गावच्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. हिराजीचं काय मागे राहिलं नाय, माणूस समाधानाने गेला, असं जो तो म्हणायला लागला. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "बघा बाई, तुमच्या शाळेवर पन काय राग नव्हता त्याचा." मी मान हलवली. खाडीवर ऊन चढत होतं आणि मी पदर सावरत मेल्याहून मेल्यासारखी उभी होते. त्या कावळ्याला कुणीतरी विचारायला हवं होतं. तुमचं काय मागे राहिलंय ते मला ठाऊक होतं, आणि ते माझ्याकडेच होतं.

एकोणीस वर्षं एका शाळेत काढली आपण. मी विज्ञान शिकवलं. तुम्ही घंटा दिली, फळे पुसले, चहा केला. मी साधी शिक्षिका होते तेव्हाही तुमची 'बाई' आणि मुख्याध्यापिका झाले तेव्हाही 'बाई'च. आणि तुम्ही सगळ्या शाळेचे मामा, माझेही. पेणच्या खाडीवरून आलेला माणूस रोहा आणि कोलाडच्या मधल्या आडगावच्या शाळेत शिपाई म्हणून राहिला, आठवडाभर शाळेमागच्या खोलीत आणि शनिवारी दुपारच्या एसटीने घरी. हे सगळं शाळेच्या शोकठरावात आहे. ठराव मीच लिहिला, तुम्ही गेल्याचा फोन आला त्याच संध्याकाळी. त्यात एक वाक्य आहे: 'दृष्टी अधू झाली असतानाही त्यांनी निष्ठेने सेवा बजावली.'

तुमची दृष्टी अधू नव्हती. हे तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तरी मी ते लिहिलं. खोट्याची सवय झाली की ते शुद्धलेखनासारखं हातातून उतरतं, मामा.

मी रागावले होते तुमच्यावर, आठवतंय? पहिल्या वर्षीची गोष्ट. अकराची घंटा दिली की तुम्ही गच्चीवर जायचात आणि खाली येऊन ऑफिसबाहेरच्या फळ्यावर सुविचाराखाली लिहायचात, 'आज हजर पाच. मोठी रांग गैरहजर.' मला वाटलं, हे काय नवीन खूळ. विचारलं तर तुम्ही मला हाताला धरल्यासारखं वर नेलंत. कुंपणापलीकडची चिंच, रेल्वेचा सिग्नल, नदीपलीकडच्या देवळाचा कळस, शेजारच्या गावची पाण्याची टाकी, अवचितगड आणि सगळ्यांच्या मागे सह्याद्रीची मोठी रांग. जवळून लांब असे सहा जण तुम्ही निवडले होते आणि रोज त्यांची हजेरी घ्यायचात. एका दोनशे पानी वहीत ती उतरायची.

"मामा, डोंगर काय दांडी मारतात का?"

"तेच तर, बाई. पोरं दांडी मारतात, डोंगर कुठं जानार? तो जाग्यावरच हाय. आपल्याला दिसला नाय तर मधल्या हवेत काय तरी हाय."

ही तुमच्या बापाची विद्या. मिठागरावर मीठ पिकायला लागलं की तो आधी डोंगराकडे बघायचा. डोंगर लांब, पुसट असला तर मीठ निवांत पिकू द्यायचं. हवा धुतल्यासारखी होऊन डोंगर जवळ आला, त्यावरची झाडं मोजता आली, की पाऊस दाराशी. हातातलं काम टाकून मीठ झाकायला पळायचं. चुकलं तर पिकाचं पाणी. तुमचं मिठागर बंद पडलं, तुम्ही शाळेत चिकटलात, पण डोळ्यांना लागलेली सवय सुटली नाही. पोरांना तर मजाच. वर्गात कुणी आलेलं नसलं की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "बाई, गड गैरहजर."

तेव्हा मी वर्गात लिहून द्यायचे: शहरातील हवा अशुद्ध असते, खेड्यातील हवा शुद्ध असते. दोन गुणांचा हमखास प्रश्न. एकदा तास संपल्यावर तुम्ही डस्टर घेऊन आलात, फळा वाचलात आणि मला विचारलंत, "बाई, हे पुसू का अजून खरं व्हायचं हाय?" मी हसले. चिडायला हवं होतं की शिकायला, हे तेव्हा कळलं नाही.

वाद घालण्यात मात्र आपण दोघांनी कधी कसूर केली नाही. माझं म्हणणं, डोंगर दिसत नाही तो राबाच्या धुराने. शिकल्यासवरल्या माणसाला खेड्यात काही वाईट दिसलं की तो आधी शेतकऱ्याकडे बोट दाखवतो, तशीच मी. भाताची रोपं करायच्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण टाकून लोक भाजतात, त्याचा धूर होतोच. तुम्ही शांतपणे पेला विसळत म्हणालात, "राबाचा धूर निळा. नाकाला सांगून येतो. दुपारचा खाडीकडचा वारा सुटला का गेला. आनि राब चैत-वैशाखात भाजतात, बाई. हे थंडीत कुठनं आलं?"

"मग धुकं असेल."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गच्चीवरून आंब्याचं पान तोडून आणलंत आणि माझ्या टेबलावर ठेवलंत. "हात लावून बघा. कोरडं. धुकं पान भिजवल्याशिवाय जात नाय. आनि धुक्याला ऊन लागलं का ते निघून जातं. याला ऊन लागलं का हे अजून पांढरं होतं."

मी विज्ञानाची पदवीधर. माझ्यासमोर प्रयोग ठेवलेला होता आणि मी ते पान कचऱ्याच्या टोपलीत टाकलं.

धुळीचंही तुम्हीच सांगितलंत. तुमची सुमन जोह्याला दिली, तिच्या घरी गणपतीच्या मूर्ती होतात. मूर्ती घासतात तेव्हा ओटीवर पांढरं पीठ पडतं ते झाडूने निघतं, असं तुम्ही सांगत होतात. "पन बाई, झाडूला सापडत नाय, उन्हाच्या तिरपेत नाचत राहतं, ते वेगलं. रस्त्यावर ट्रक गेला, धुरला उठला, बसला. झालं. जी धूल बसते ती डोंगराचं काय करनार? जी बसत नाय ती डोंगर खाते." पुढे मी हेच पुस्तकात वाचलं. बारीक कण हवेत तरंगत राहतात, आपल्या कोकणातल्या दमट हवेत पाणी पिऊन फुगतात, उजेड चहूकडे उधळतात. डोंगर झाकला जात नाही, मधली हवाच उजळून जाते आणि डोंगर तिच्यात विरतो. नववीच्या वर्गात मी हे इतक्या रंगून शिकवलं की मुलांना वाटावं बाईंनाच सुचलंय. तुम्ही दाराशी पाण्याचा जग घेऊन उभे होतात. तुमचं नाव घेतलं असतं तर माझं काय जाणार होतं?

मग टेकडी आली.

शाळेपासून दीड मैलावर आमच्या घराण्याची वरकस जमीन आहे. माळ आणि त्याच्या डोक्यावर टेकडी, भात न पिकणारी. आजोबांच्या काळात कुळं तिथून राबाला पाला न्यायची, नंतर नुसतं गवत. आम्ही सगळे शिकून बाहेर पडलो. मी रोह्यात, धाकटा भाऊ पेणला वकिली करतो. हायवेच्या कामाला खडी हवी होती, भावाने टेकडी क्रशरवाल्याला भाड्याने दिली. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. सही मीही केली. कागद न वाचता केली असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं. वाचूनच केली होती.

पहिल्या थंडीत मोठी रांग रोजच गैरहजर राहायला लागली. पुढच्या थंडीत गड. तुम्ही कधीच सगळं क्रशरवर ढकललं नाहीत, हे मी मान्य करते. वहीत हायवेचं काम होतं, वीटभट्ट्या होत्या, राबाचे दिवस होते, कंपन्यांकडचा वारा असला तर तोही. पण त्या वहीत असंही होतं: 'होळीचे दोन दिवस क्रशर बंद. सहाही हजर.' 'क्रशरचा पट्टा तुटला, चार दिवस बंद. तिसऱ्या दिवशी गड आला.' मी मुख्याध्यापिका म्हणून महिन्याला त्या वहीवर सही करायचे. अशी पानं आली की मी चटकन उलटायचे. टेकडी कुणाची ते तुम्हाला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. तुम्ही तिचं नाव मात्र माझ्यासमोर कधी काढलं नाहीत. मीच मनात खट्टू व्हायचे आणि तुमच्यावर खेकसायचे, "मामा, तुमचं वय झालंय. मोतीबिंदू असेल."

होताच, उजव्या डोळ्यात थोडा. मीच तुम्हाला रोह्याला डोळ्यांच्या शिबिरात घेऊन गेले. पुण्य पदरात पडल्याचं समाधान होतं, आणि आत कुठेतरी आशा होती की ऑपरेशन झालं की डोंगर दिसेल आणि कटकट मिटेल. महिन्याने तपासणीला गेलो तर डॉक्टर मला म्हणाले, "यांचं लांबचं एकदम छान आहे. बाई, तुमच्या चष्म्यापेक्षा यांना बरं दिसतं." परत येताना तुम्ही एसटीच्या खिडकीशी बसून लांबूनच पाट्या वाचून दाखवत होतात. हॉटेलं, गावं, पेट्रोलपंपावरची बारीक अक्षरं. लहान मुलासारखे खूश होतात. दुसऱ्या दिवशी अकराला तुम्ही गच्चीवर गेलात, खाली आलात, फळ्यावर लिहिलंत, 'आज हजर चार', आणि माझ्याकडे नुसतं बघितलंत. मी "हं" म्हणून हजेरीपटात डोकं घातलं.

त्याच वर्षी गावातल्या लोकांनी क्रशरच्या धुळीबद्दल अर्ज केला आणि चौकशीला एक साहेब आले. कुणीतरी त्यांना तुमच्या वहीचं सांगितलं. वही बघून ते खरंच खूश झाले. सतरा वर्षं रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून केलेली नोंद त्यांनी कुठे पाहिली नव्हती. ते मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही विज्ञानाच्या. नोंद करणाऱ्याची नजर बरी आहे, एवढं दोन ओळीत लिहून द्या. मला हे जोडता येईल."

आदल्या दिवशी भावाचा फोन येऊन गेला होता. "ताई, काही लिहून देऊ नकोस," एवढंच तो म्हणाला होता. खोटं बोल असं तो म्हणाला नव्हता. ते मी माझ्या अकलेने केलं.

मी म्हटलं, "साहेब, आमचे मामा अतिशय प्रामाणिक आहेत. पण त्यांची नजर अधू आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय."

ऑपरेशन झालंय हे खरं होतं. त्या खऱ्याच्या आडोशाने मी ते दुसरं सरकवलं. साहेबांनी वही मिटली, "मग उपयोग नाही," म्हणाले आणि चहाची वाट बघायला लागले. चहा आलेलाच होता. तुम्ही ट्रे घेऊन दारात उभे होतात. किती वेळ उभे होतात ते मला माहीत नाही. तुम्ही आत येऊन कप ठेवलेत. बशीत एक थेंब सांडला नाही. बाहेर व्हरांड्यात नववीची मुलं नकाशे घेऊन बसली होती, त्यांनीही ऐकलं असणार.

साहेब गेल्यावर तुम्ही कप उचलायला आलात. मी काही बोलणार होते, काय ते आता आठवत नाही. तुम्हीच बोललात.

"बाई, डोले माझे. डोंगर तुमचा."

आणि कप घेऊन गेलात. तुमचा माझ्यावरचा राग मी ऐकला तो एवढाच. मोजून पाच शब्द. त्यानंतर तुम्ही गच्चीवर चढला नाहीत. सुविचाराखालची जागा रिकामी राहायला लागली. मुलं विचारायची, "मामा, आज किती हजर?" तुम्ही सांगायचात, "मला आता दिसत नाय रे. बाईंचं बरोबर हाय."

मला वाटलं, टोमणा मारतात. पण नाही. तुम्ही जिना उतरताना भिंतीला हात लावायला लागलात. सायकल दुसऱ्याला देऊन टाकलीत. कुलपाच्या भोकात किल्ली चाचपडायला लागलात, परिपत्रक आलं की "जरा वाचा, बाई" म्हणायला लागलात. शाळेसमोरचा रस्ता ओलांडताना एखाद्या मुलीचा हात धरायचात. सव्वा वर्ष, निवृत्तीच्या दिवसापर्यंत. सुरुवातीला मला तोंड वर करवत नव्हतं. मग हळूहळू, आणि हे लिहिताना माझी मलाच किळस येते, मला बरं वाटायला लागलं. मी मनात म्हणायला लागले की बघ, म्हणजे तू फारसं खोटं बोललीच नव्हतीस. स्टाफरूममध्ये एकदा तर मी म्हटलं, "मी तेव्हाच सांगितलं होतं ना." निरोप समारंभात शाल-श्रीफळाबरोबर काय द्यावं अशी चर्चा निघाली तेव्हा काठी द्यावी हे सुचवणारी मीच. चांगली वेताची, मुठीला पितळ लावलेली. तुम्ही ती घेतलीत, कपाळाला लावलीत आणि टकटक करत पायऱ्या उतरून गेलात. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

दहाव्याला जेवणं झाल्यावर तुमच्या पत्नीने, गावच्या काकींनी, मला ओटीवर बसवून घेतलं. काकी काही आडपडदा ठेवणाऱ्या नाहीत. काठी दारामागे उभी होती. माझी नजर तिकडे गेलेली पाहून म्हणाल्या, "ती? तिच्यानी कैऱ्या पाडतो आमी."

"मामांना चालायला लागायची ना?"

"कशाला? बाई, त्यांचे डोले शेवटपर्यंत बरे होते. खाडीतनं होडी आली का ओटीवरनं सांगायचे कुनाची ती. गेले त्याच्या आदल्या दिवशी पन सांगितली." मग म्हणाल्या, "शालेतच दिसायचं नाय त्यांना. घरी आले का दिसायचं."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी काकींचा हात धरला, त्यांनी तो सोडवून घेतला. त्या म्हणाल्या की त्यांनीही भांडण काढलं होतं. त्या बाईसाठी आंधले झालात का, असं विचारलं होतं. तर तुम्ही म्हणालात, "बाईंसाठी नाय गो. पोरांसाठी. पोरांनी ऐकलंय. बाई खोटं बोलल्या हे त्यांना कललं तर उद्या बाई सायन्स शिकवतील ते तरी ती खरं धरतील का? माझं काय, सव्वा वर्ष उरलंय." काकी पुढे म्हणाल्या, "आनि समाधानाने गेले असं बोलतात ना सगले, तसं काय नाय. तो साहेब आला त्या आठवड्यात चार घास नीट जेवले नाय ते. मी बघितलंय."

मामा, मी तुमच्याशी आजवर इतके वाद घातले, बहुतेक सगळे हरले, काही हरूनही कबूल केले नाहीत. हा एक मात्र मला आता घालायचाय आणि तुम्ही नाही आहात. तुमचं चुकलं. माझं पाप तुम्ही पांघरलंत, त्याबद्दल मी तुमच्या पायावर डोकं ठेवीन, पण चुकलंच. मुलांना कळायला हवं होतं की बाई खोटं बोलू शकते. विज्ञान बाईवर विश्वास ठेवून शिकायचं नसतं. ते कोरडं आंब्याचं पान हातात घेऊन शिकायचं असतं, जे तुम्ही माझ्या टेबलावर ठेवलं होतंत. माझी अब्रू राखायला तुम्ही त्यांच्यापासून तेच लपवलंत. आणि ते तुमच्याकडून मी करवून घेतलं, म्हणून तुमच्यावर चिडायचाही मला हक्क उरलेला नाही.

काल शाळेत शोकसभा झाली. तेरावा उरकून काकी सुमनबरोबर आल्या होत्या, पुढच्या रांगेत बसल्या होत्या. मी ठराव वाचायला उभी राहिले. त्या वाक्यापाशी आले आणि थांबले. कागद खाली ठेवला आणि सांगून टाकलं. मामांची नजर उत्तम होती, डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, तरी मी साहेबांना खोटं सांगितलं. टेकडी आमची आहे म्हणून सांगितलं. नंतर मामा आंधळेपणाचं सोंग घेत होते, मला खोटं पाडायचं नव्हतं म्हणून.

मला वाटलं होतं, लोक उठतील, बोलतील, थुंकतील. तसं काही झालं नाही. संस्थेचे एक वयस्कर सभासद प्रेमाने म्हणाले, "बाई, बसा. तुमचं मन मोठं आहे. गेलेल्या माणसात उणं ठेवायचं नाही तुम्हाला, कळतं आम्हाला. पण आम्ही डोळ्यांनी बघितलंय ना. मी स्वतः त्याला दोनदा रस्ता पार करून दिलाय." दुसरे म्हणाले, "किल्ली लावता यायची नाही बिचाऱ्याला." टेकडीचा विषय निघाल्यावर मात्र सगळ्यांनी खाली बघितलं. कुणीतरी पुटपुटलं, "आज दिवस तो नाय, बाई." मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने सांगितलं. जितकं मोठ्याने सांगावं तितकी लोकांना माझी दया येत होती. तुम्ही माझं खोटं इतकं नीट सांभाळलंत, मामा, की आता ते परत घ्यायला गेले तर कुणी देत नाही.

तेवढ्यात काकी जागेवरूनच म्हणाल्या, "बाई, नका मोडू. सव्वा वर्ष त्यांनी ते केलं, ते काय तुमी असं मोडायला?" त्यांना सत्य माहीत होतं, आणि त्या रडत होत्या. मी बसले. ठराव दुरुस्ती न होता मंजूर झाला.

तरी मी ते मोडणार आहे. काकींना दुखवून मोडणार आहे. आज सकाळी त्या साहेबांच्या कार्यालयाला पत्र लिहिलं: नोंद करणाऱ्याची नजर उत्तम होती, मी जाणूनबुजून खोटी माहिती दिली. सोबत वही जोडली, खाली पूर्ण नाव घातलं. क्रशरचा करार या महिन्यात संपतोय. भावाने कागद पाठवलेत, ते मी सही न करता परत धाडले. त्याने फोन उचलणं बंद केलंय. यात माझी काही शूरता नाही. तुम्ही हयात असताना केलं असतं तर काही तरी होतं.

पण तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच. काल सभा संपल्यावर एक मुलगी माझ्याजवळ आली, आता दहावीत आहे. रस्ता ओलांडताना तुम्ही जिचा हात धरायचात ती. तिने हळूच विचारलं, "बाई, खरंच दिसायचं त्यांना?"

"हो."

"मग मी हात धरायचे ते?"

सभेत कुणी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. ती ठेवत होती. तुम्हाला याचीच भीती होती ना? मी म्हणू शकले असते की थोडं कमी दिसायचं, तुझा त्यांना आधार होता. ते ऐकून ती घरी नीट गेली असती. मी म्हटलं, "मी खोटं बोलले होते. ते झाकायला त्यांनी तुझा हात धरला."

तिने माझ्याकडे बघितलं. मग दप्तर उचललं आणि ती गेली. आज पहिला तास तिच्याच वर्गावर होता. मी उजेड आणि धूलिकण शिकवत होते. ती पुस्तक मिटून खिडकीबाहेर गडाच्या दिशेला बघत बसली होती, आणि मी तिला 'इकडे लक्ष दे' म्हटलं नाही.